घंगाळाला भोक पाडायचं नाही: जुनी भांडी, दगडी कुंड्या आणि बीदरीची वाडगी घरात ठेवताना

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: नव्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. गावाकडचा वाडा पाडताना सासूबाईंचं मोठं पितळी घंगाळ मिळालं, त्यावर ठिपक्यांनी काहीतरी नाव आणि आकडा कोरला आहे. त्यात झाड लावायचं आहे. नर्सरीवाला म्हणतो, बुडाला चार भोकं पाडून देतो. पाडू का? शिवाय एखादी दगडी कुंडी, बीदरीचं (काळ्या धातूवर चांदी जडवलेलं) एखादं वाडगं, अशा जुन्या वस्तू हळूहळू जमवायच्या आहेत. कुठे बघावं, जुनं कसं ओळखावं, काय भाव द्यावा, आणि कायद्याची काही अडचण आहे का? आणि नव्या घरात एकदम दहा वस्तू मांडल्या तर छान दिसेल का?

ताई, पहिलं उत्तर पहिल्या प्रश्नाचं. भोक पाडू नका. नर्सरीवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

गेली सत्तावीस वर्षं मी मराठवाड्यातली जुनी भांडी बघतो, घेतो, दुरुस्त करून ठेवतो. स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे. माझ्यानंतर ही वस्तू ज्याच्या हातात जाईल त्याला मी केलेलं पुसता आलं पाहिजे. माती काढून टाकता येते, मेण पुसता येतं. पाडलेलं भोक बुजवता येत नाही, मशीनवर घासून घालवलेलं नाव परत येत नाही. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं या एका नियमावर उभं आहे.

भोकाला माझा विरोध केवळ मायेपोटी नाही. जुनं घंगाळ पत्रा ठोकून घडवलेलं असतं. तांबट हातोडीने एकेक ठोका देत आकार आणायचा, मग त्यावर मठारकाम, म्हणजे एकसारख्या ठोक्यांची नक्षी, करायचा. त्या ठोक्यांनी पितळ कडक होतं आणि त्याच्या अंगात ताण साठून राहतो. अशा पितळेचा एक शत्रू आहे, अमोनिया. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडायच्या. कारण बरीच वर्षं उमगत नव्हतं. १९२१ साली उलगडा झाला: तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेतला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आता विचार करा, घंगाळात थेट माती भरली, वर शेणखत आणि चिमूटभर युरिया टाकला, रोज पाणी घातलं, तर आपण तोच तबेला घरात आणला की नाही? त्यात भोकाच्या कापलेल्या कडा म्हणजे चीर सुरू व्हायला आयती जागा. दोन वर्षांत कडेपासून बुडापर्यंत चिरलेली घंगाळं मी पाहिली आहेत, आणि तशी चीर सांधली तरी शेजारून नवी फुटते.

झाडाच्या बाजूनेही हे वाईटच. ओल्या, आंबट मातीत तांबं आणि जस्त विरघळून मुळांशी येतं. तांबं जास्त झालं की मुळं आखूड, काळी पडतात आणि पानं पिवळी होतात. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, आणि आणखी पाणी घालतो.

मग करायचं काय? कुंडीत कुंडी. घंगाळाच्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच लहान अशी नर्सरीची साधी प्लास्टिकची कुंडी घ्या, झाड त्यात लावा. घंगाळाच्या तळाशी प्लास्टिकची ताटली, त्यावर विटेचे दोन तुकडे किंवा लाकडी ठोकळे, आणि त्यावर कुंडी. कुंडीची कड घंगाळाच्या काठाच्या बोटभर खाली राहिली की बाहेरून काही दिसत नाही. वर थोडा नारळाचा काथ्या पसरा. आठवड्यातून एकदा कुंडी उचला, ताटलीत साचलेलं पाणी ओता, घंगाळ आतून कोरडं पुसा. एवढं केलंत तर ते घंगाळ तुमच्या नातवंडांनाही असंच मिळेल. पाणी शक्यतो झाड बाहेर काढून, न्हाणीत नेऊन घाला. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, त्याचे पांढरे क्षार पितळेवर बसले की घासल्याशिवाय निघत नाहीत, आणि घासलं की मुरलेला रंग जातो.

झाड कोणतं? लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे, म्हणून तुम्हाला मी रोज तहानलेलं झाड सुचवणार नाही. स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट ही आडोशाला आठवडा आठवडा पाण्यावाचून राहतात. पितळेचं भांडं पश्चिमेच्या गॅलरीत मात्र ठेवू नका. मे महिन्यात दुपारी चारला त्या धातूला हात लावून बघा, मुळांचं काय होत असेल ते कळेल.

आता तुमच्या घंगाळावरच्या नावाकडे येतो. मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे.

आपल्याकडे लग्नात, बारशाला, ओटीभरणाला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. छिन्नीच्या टोकाने ठिपके मारून अक्षरं काढायची. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी गाव, कधी साल. अक्षरं झिजली असली तर घासू नका. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च भांड्याच्या अंगाला अगदी चिकटून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षर उभं राहतं. तरी नाही जमलं तर बोटाने हलकीशी टाल्कम पावडर चोळून जास्तीची फडक्याने टिपून घ्या. फोटो काढून ठेवा, मगच भांडं पुसा.

सालाच्या आकड्यात मराठवाड्यात फार गफलत होते. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागदात फसली साल चालायचं, हिंदूंच्या घरात शके, मुसलमानांच्या घरात हिजरी. त्यामुळे भांड्यावर १८६२ असा आकडा दिसला की विक्रेता म्हणतो, दीडशे वर्षांच्या वरचं आहे. बहुतेक वेळा तो शके असतो. शकेमध्ये ७८ मिळवा, १९४० येतं. १३५० असा आकडा असेल तर तो फसली की हिजरी ते बघावं लागतं. फसलीत साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे १९४०. हिजरी १३५० मात्र १९३१ च्या आसपास येतं, कारण चांद्र वर्ष लहान असतं. अक्षरं उर्दू असतील आणि नाव मराठी घरातलं असेल तरी चकित होऊ नका. त्या काळी शिकलेल्या माणसाची लिहिण्याची लिपी उर्दू असणं आपल्याकडे नेहमीचं होतं. मोडीतली नावंही सापडतात. ती वाचून घ्यायला गावातल्या एखाद्या जुन्या वकिलाकडे किंवा मोडी शिकवणाऱ्याकडे जा. नाव वाचलं गेलं त्या दिवशी भांडं दुप्पट आपलं होतं.

अशी भांडी बाजारात येतात कुठून, हे कळल्याशिवाय ती घेऊ नयेत असं मला वाटतं. मला थोरामोठ्यांकडून कळलं ते असं. पहिली लाट १९७२ च्या दुष्काळाची. धान्यासाठी तांब्या-पितळेची भांडी गहाण पडली आणि सुटली नाहीत. त्यानंतर स्टील आलं. कल्हई नको, चिंच-राख नको, म्हणून घरोघरच्या बायकांनी पितळ वजनावर घालून स्टीलचे डबे घेतले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात पहाटे ओल्या राखेने वीस भांडी घासणाऱ्या हातांना तो निर्णय घ्यायचा पूर्ण हक्क होता. तिसरी लाट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर आपल्या भागात माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरांच्या, जाड भिंतींची धास्तीच बसली. ज्यांचे वाडे उभे होते त्यांनीही ते उतरवले आणि पत्र्याच्या, सिमेंटच्या घरांत गेले. त्या घरांत रांजणाला, दगडी डोणीला, बंबाला जागा नव्हती. म्हणून लातूर-धाराशिवच्या बाजूला आजही एखादी वस्तू समोर आली की मी आधी विचारतो, ही कुठल्या गावची, आणि मग थोडा वेळ गप्प बसतो. काही वस्तूंचं मोल करायची इच्छाच होत नाही.

औसा तालुक्यातल्या एका आजीने मला त्यांचं घंगाळ दिलं होतं. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मी बळेच दिले. म्हणाल्या, "ने बाबा. घरात घासायला कुणी राहिलं नाही. पण त्याला भोकबिक पाडू नको. आमच्या आत्याबाईनं घरातल्या सगळ्या लेकरांना त्यात न्हाऊ घातलंय." नियम मी त्यांच्याकडून शिकलो. पितळ का तडकतं ते मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

खरेदीसाठी कुठे बघावं? तुमच्यासाठी गंजगोलाईची बाजारपेठ जवळच आहे. तिथल्या भांड्यांच्या दुकानांत जुनी मोड बदलून नवी भांडी देतात. दुकानदाराला सांगून ठेवा की मोडीत आलेलं घंगाळ, मोठी परात, चांगल्या घाटाचा हंडा वितळायला जाण्याआधी मला दाखवा. मोडीचा त्या दिवसाचा भाव तिथेच विचारा, तो तुमचा पाया. साध्या घडणीच्या भांड्याला मोडीच्या दीडपट-दुप्पट देणं मला योग्य वाटतं. घाट विशेष असेल, कड्यांच्या मुळाशी मोराचं किंवा मकराचं तोंड असेल, नाव असेल, तर त्याहून जास्त द्या आणि घासाघीस करू नका. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या आसपासची जुनी भांड्यांची दुकानंही बघा, पण तिथे सकाळी जा, उन्हाच्या उजेडात वस्तू बघायला मिळते. खरी वस्तू मात्र बहुतेक वेळा ओळखीतून येते. कुणाचा वाडा उतरतो आहे असं कळलं की जाऊन हात जोडून सांगायचं, की काही टाकून देणार असाल तर मला विचारा. आणि मालक 'ने' म्हणाला तरी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय उचलायचं नाही.

जुनं ओळखायचं तर झिजेकडे बघा. वापराची झीज ठरलेल्या जागीच होते: कड्यांची भोकं वरच्या बाजूला लांबट होतात, कारण वजन तिथे लोंबतं. बुड फरशीवर घासून मधोमध पातळ आणि गुळगुळीत होतं. काठ हाताच्या जागी मऊ होतो. नव्या वस्तूला जुनी करणारे सगळीकडे सारखाच हिरवा-काळा रंग देतात. ओल्या कापसाने बुडाजवळ पुसून बघा. कापूस हिरवा झाला आणि ॲसिडचा वास आला तर ठेवून द्या. मुरादाबादच्या ओतीव पितळेच्या वस्तू सुबक असतात, त्यांना नवी म्हणून घ्यायला काही हरकत नाही. जुन्या ठोकीव भांड्याच्या पोटात मात्र हातोडीचे ठोके दिसतात, एकसारखे पण यंत्रासारखे नव्हेत, आणि अनेकांना एका बाजूला दातेरी सांधा असतो. पत्र्याच्या दोन कडा करवतीच्या दातांसारख्या कापून एकमेकींत अडकवून झाळलेल्या असतात. तो सांधा हाताला लागला की मला अजूनही आनंद होतो.

खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच चिकटतं. नखाने टिचकी मारा. काशाचा नाद लांब चालतो, पितळेचा लवकर विझतो. आणि एक शब्द सांभाळा: आपल्या घरांत 'जर्मनचं भांडं' म्हणजे ॲल्युमिनियम. दुकानदार 'जर्मन सिल्व्हर' म्हणतो तो वेगळा धातू, तांबं, निकेल आणि जस्ताचा, त्यात चांदी अजिबात नसते.

घरी आणल्यावर घासण्याची घाई करू नका. बफिंगच्या मशीनवर तर कधीच देऊ नका, पंधरा मिनिटांत मठाराचे ठोके आणि नाव दोन्ही जातं. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं, बस. फारच काळं असेल तर चिंचेचं पातळ पाणी एकदाच, दोन मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. मग मधमाशांचं मेण अगदी पातळ लावून फडक्याने चोळा. हिरवट डाग कठीण आणि चिकटून असेल तर तो राहू द्या. फिकट हिरवी भुकटी पडत असेल, पुसली तरी आठ दिवसांत परत येत असेल, तर तो रोग आहे: खारातला क्लोराइड आणि ओल. ते भांडं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या जागी ठेवा, आणि त्यात झाडाचा विचार सोडा.

आता दगड. माझं मन सगळ्यात जास्त इथे रमतं, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त सावध करायचं आहे तेही इथेच.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. उखळ, डोण, पाण्याची कुंडी, सगळं त्यातलंच. झाडांसाठी याहून चांगलं भांडं नाही. खत त्याला खात नाही, ऊन त्याला तडकवत नाही. पण वजन बघा. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर उंच अशी जनावरांना पाणी पाजायची डोण रिकामीच सव्वाशे किलोच्या आसपास भरते. ओली माती भरली की पावणेदोनशेच्या घरात जाते, आणि हे सगळं वजन अडीच चौरस फुटांवर बसतं. घरातल्या खोल्यांचा स्लॅब माणसं, सामान धरून चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशोबाने बांधतात. म्हणून तिसऱ्या मजल्यावर डोण आणणार असाल तर गॅलरीच्या बाहेरच्या कडेला मुळीच नको. खांबाजवळ, तुळईच्या वर ठेवा, आणि आधी इंजिनिअरला विचारा. मी तुमच्या जागी असतो तर उखळाचं लहान भांडं घेतलं असतं, किंवा जात्याची वरची तळी घेऊन तिच्यावर पितळी वाडगं ठेवलं असतं.

दगडी कुंडीत पाणी भरून चोवीस तास ठेवा. झिरपलं तर त्यात अडेनियमची कुंडी ठेवा, नाही झिरपलं तर लहान जातीची कुमुदिनी लावा. शेवाळ ब्रशने काढा. फरशीचं ॲसिड नको. आणि सोनेरी ऑइलपेंट मारू नका. इतका सुंदर दगड रंगाखाली गेलेला बघितला की मला खरोखर वाईट वाटतं.

सावधगिरी कशाची? दगडी वस्तू घराची आहे की देवळाची, हे ओळखण्याची. मराठवाड्याच्या गावागावांत पडकी हेमाडपंती देवळं आहेत, बारवा आहेत, वेशीजवळ वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत. बारवेतला कोरीव कोनाडा, देवळाच्या छताचं दगडी कमळ, मोडलेली शाळुंका, खांबाची कोरीव तळखडी, हे 'बाऊल' म्हणून विकायला येतं. घेऊ नका. फुकट मिळालं तरी नको. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. ती जवळ ठेवायला बंदी नाही, पण दगडाची, धातूची, मातीची शिल्पं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेलं धन वेगळं: त्यासाठी १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे आणि सरकारात कळवावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या. तिथल्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची शिल्पं आहेत, गावच्याच एका माणसाने, रामलिंगप्पा लामतुरे यांनी, आयुष्यभर वेचून जमवलेली. त्यांनी वेचलं ते आज सगळ्यांना बघता येतं. दिवाणखान्यात गेलं असतं तर कुणालाच दिसलं नसतं.

तुमच्या घंगाळाची चिंता नको. घरगुती वापराचं भांडं, त्यातही शंभर वर्षांच्या आतलं, तुमचंच आहे. मात्र कुणाकडून विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी घ्या: तारीख, वजन, किंमत, कुठून आली. मी एक जाड वही ठेवली आहे, त्यात प्रत्येक वस्तूला एक पान. गावाचं नाव, देणाऱ्याने सांगितलेली हकिकत, आधीचा फोटो. ती वही मला भांड्यांइतकीच प्रिय आहे.

बीदरीबद्दल. उदगीरहून बीदर जवळ आहे, आणि तुम्ही तिथे जाऊन कारागिराच्या हातून नवी वस्तू घ्यावी असं मी सांगेन. जुनी बीदरी भेटलीच तर उगालदान (पिकदाणी), हुक्क्याचं बूड, सुराही, पानदान असं काही भेटेल. घाट इतके डौलदार असतात की त्यात काही ठेवावंसंही वाटत नाही. धातू मुख्यतः जस्त, सोळा भागाला एक भाग तांबं असं प्रमाण सांगतात. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी, पत्र्याच्या खोल कामाला तहनिशान. मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावली की जस्त गर्द काळं होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. छत्रपती संभाजीनगरलाही हे काम होतं, तिथे अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृती दिसतात.

हे काळेपण वरवरचं असतं. ते मला माझ्या पहिल्या वर्षात ठाऊक नव्हतं. एका घरातून मिळालेलं उगालदान मी पितळेच्या सवयीने चिंचेने घासलं. पाच मिनिटांत काळा रंग करडा झाला आणि दोन ठिकाणी तार सैल होऊन वर आली. चिंचेच्या आम्लाने जस्तच खाल्लं. बीदरच्या कारागिराने ते पुन्हा काळं करून दिलं, पण वर आलेली तार पूर्ववत बसली नाही. ते उगालदान आजही माझ्या कपाटात पहिल्या फळीवर आहे. म्हणून सांगतो: बीदरीला चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको, आणि पाणी तर नकोच. त्यात झाड, ताजी फुलं, पाण्यावर तरंगणाऱ्या पाकळ्या, काहीही नाही. खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा आणि कोरडं ठेवा. ठेवायचंच असेल तर सुकी लवंग-वेलची ठेवा.

काटवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, मिळाली तर जरूर घ्या. ज्वारीचं पीठ मळून मळून तिच्या पोटाला जो गुळगुळीतपणा येतो तो कुठल्याही कोरीव वाडग्यात नाही. बारीक भोकं आणि ताजी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे, घेऊ नका. घरी आणून कोरड्या ब्रशने साफ करा आणि जवसाचं किंवा आपलं करडईचं तेल पातळ लावून आठ दिवस सावलीत ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. सुकताना ती तापतात आणि पेटू शकतात. काटवटीत सुकी फळं, कापसाची बोंडं, कणसं ठेवा. झाड नाही.

रांजण आणि डेरे सांभाळायला सगळ्यात सोपे, आणि मातीच असल्यामुळे झाडाला मानवणारे. पण जुन्या रांजणालाही भोक पाडू नका, तो भोकापासून उभा चिरतो. त्यातही कुंडीत कुंडी. बाहेरून पांढरा लोणा आला तर कोरड्या ब्रशने झाडा. पितळी वाडग्यात पाणी आणि फुलं ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि आठ-दहा दिवसांत डास होतो, म्हणून कड फडक्याने चोळून पुसा. दगडी कुंडीत कुमुदिनी असेल तर चार गप्पी मासे सोडा. आणि मुरायला ठेवलेलं लोणचं किंवा दही कुठल्याही जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या धातूच्या भांड्यात ठेवू नका. कल्हई कुठली, झाळण कशाची, त्यात शिसं आहे की नाही, हे नजरेने कळत नाही.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की नव्या घरात एकदम दहा वस्तू मांडल्या तर छान दिसेल का. मला विचाराल तर एका खोलीत एकच. घंगाळ जमिनीवरच ठेवा, स्टँडवर चढवू नका. ते न्हाणीत जमिनीवरच असायचं आणि वरून बघितल्यावरच त्याचा गोल पूर्ण दिसतो. नाव कोरलेली बाजू भिंतीकडे जाऊ देऊ नका. सासूबाईंना जवळ बसवून ते नाव कुणाचं, ते विचारा, आणि त्या सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. आकडा मला कळवा, शके की फसली ते आपण मिळून बघू.